भावाची मिशी

आमच्या भागात माणसं स्वतःचं नाव सांगत नाहीत. समोर येऊन उभी राहतात, गालातल्या गालात हसतात आणि विचारतात, "काय बाई, वळखलं का?" आणि मग उत्तराची वाट बघत थांबतात. परीक्षा माझी आणि पर्यवेक्षक ते.

मी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, सगळी नोकरी इंदापूर तालुक्यात. हाताखालून गेलेली पोरं आता बापये झाली, पोरी सासुरवाशिणी झाल्या, काहींना नातवंडंसुद्धा झाली. ती सगळी मला कुठे ना कुठे गाठतात. मंडईत गाठतात, स्टँडवर गाठतात, तहसील कचेरीच्या पायऱ्यांवर गाठतात. एकदा दात दुखतो म्हणून दवाखान्यात गेले, खुर्चीत आडवी झाले, आ वासला, आणि तोंडाला मास्क लावलेला डॉक्टर वाकून म्हणाला, "बाई, ओळखलं का?" तोंडात त्याचं हत्यार. मी मान हलवली. त्याला फार आनंद झाला. पैसे घेतले नाहीत. तो कुठल्या शाळेतला, कुठल्या वर्षीचा, मला आजतागायत माहीत नाही.

नाव सांगायला काय जातं, हे मला अजून कळलेलं नाही. टपालावर नाव लिहितात, मोटारसायकलच्या पाटीवर लिहितात, उसाच्या ट्रॉलीच्या फळीवर मुलांची नावं हौसेनं रंगवून घेतात. पण तोंडानं सांगायचं म्हटलं की कमीपणा वाटतो. ओळखलं तर तुम्ही मोठ्या मनाच्या. नाही ओळखलं तर पेन्शन सुरू झाल्यापासून बाईंचे पाय जमिनीवर नाहीत.

खरी गोष्ट अशी आहे की मी कुणालाच ओळखत नाही. हा विसरभोळेपणा नव्हे. कुणाचं साताच्या पाढ्यावर अडायचं, कुणाचं अक्षर उजवीकडे कलंडायचं, कुणाच्या डब्यात रोज ठेचाच असायचा, हे सगळं मला पाठ आहे. चेहरा तेवढा राहत नाही. समोर असताना डोळे दिसतात, नाक दिसतं, हनुवटी दिसते. माणूस वळला की ओल्या फडक्यानं पाटी पुसल्यासारखं सगळं जातं. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांचंच असं असतं आणि बाकीचे माझ्यापेक्षा जास्त कष्ट घेतात.

मग मी पण कष्ट घेतले. माणसं चालण्यावरून ओळखायची, आवाजावरून, टोपीवरून, चपलेच्या आवाजावरून, मिशीवरून. आणि सगळ्यात भरवशाचं म्हणजे जागेवरून. माझ्या वर्गात पहिल्या दिवशी जो जिथे बसला तो मार्चपर्यंत तिथेच. लोक म्हणायचे बाई शिस्तीच्या. एका वर्षी नव्या हेडमास्तरांनी मला न विचारता वर्गातली सगळी मुलं उंचीनुसार बसवली. तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. एकाची वही दुसऱ्याला दिली, गैरहजर पोराला शाबासकी दिली. शेवटी मुलांच्या डोळ्यांना त्रास होतो असं कारण काढून मी पुन्हा जुन्या जागा लावल्या.

घरातही तेच. आमच्या ह्यांना मी किल्ल्यांच्या आवाजावरून ओळखते. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, पण किल्ल्यांचा जुडगा काही सुटला नाही, आणि मी तो सुटू देत नाही. एकदा बारामतीच्या मंडईत मी वांग्यांची पिशवी शेजारच्या माणसाच्या हातात दिली आणि म्हटलं, धरा, मी कोथिंबीर बघून येते. त्यानं धरली. शर्ट तसाच चौकटीचा होता. मी परत आले तर तो बिचारा पिशवी घेऊन तसाच उभा, आणि आमचे हे चार पावलांवरून त्याच्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत होते. घरी येईपर्यंत बोलले नाहीत. नंतर वर्षभर येईल त्याला सांगत बसले.

याला काही नाव असतं हे मला साठीच्या तोंडावर कळलं. माझी मुलगी पुण्यात संगणकाची नोकरी करते. तिनं कुठे तरी वाचलं आणि मोबाइलवर मला एकेक फोटो दाखवून विचारत बसली, हे आधी दाखवले त्यातलेच की नवे? मी सगळे चुकवले. त्यात एक फोटो तिचा स्वतःचा, केस वर बांधलेला. तोही चुकवला. ती आधी हसली, मग मोबाइल खाली ठेवून म्हणाली, आई, तुझ्या मेंदूचीच ठेवण अशी आहे, जन्मापासून. मला हलकं वाटायला हवं होतं. पण मला रागच आला. हे तीस-चाळीस वर्षं आधी कुणी सांगितलं असतं तर मी काय काय वाचवलं असतं. आणि आता सांगून तरी कोण ऐकतंय. ज्याला सांगावं तो म्हणतो, चष्म्याचा नंबर वाढला असेल. शेजारीण म्हणाली रोज गाजर खा.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण मग भावानं मिशी काढली.

माझा भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. भवानीनगरजवळ आमचं माहेर आहे, तिथे तो शेती बघतो. कारखान्यातून निवृत्त झाला. त्याला मिशी फुटली तेव्हा मी शाळेत होते, आणि तेव्हापासून तो माझ्यासाठी ती मिशी आहे. दोन्ही टोकांना खाली वळलेली, जाड, मधे दाताच्या फटीसारखी बारीकशी रेघ. तिच्यावर पांढरी टोपी, खाली करकरणाऱ्या चपला, आणि चालताना किंचित ओढलेला डावा पाय. अंधारात, गर्दीत, पाठमोरा, मी त्याला कुठेही ओळखलं असतं. आई-वडील गेल्यावर माहेर म्हणून जे काही उरलं ते एवढंच होतं.

गेल्या वर्षी मी त्याला हक्कसोड करून दिलं. आमच्याकडे बहिणी वडिलांच्या जमिनीतला हिस्सा भावाच्या नावे सोडून देतात, इंदापूरच्या कचेरीत जाऊन सही-अंगठा देतात, भाऊ साडी नेसवतो. काहीजणी देत नाहीत, कोर्टात जातात, त्यांचंही चुकतं असं मला वाटत नाही. मी मात्र राजीखुशीनं दिलं. मला शेत नको होतं, मला माहेर हवं होतं. कचेरीत कॅमेऱ्यानं सगळ्यांचे फोटो काढतात आणि कागदावर छापतात. छापलेला कागद हातात आला तेव्हा मी माझ्या सहीच्या वरचा फोटो बघून कारकुनाला विचारलं, ही बाई कोण? कारकून माझ्याकडे बघत राहिला. भाऊ खो खो हसला. त्याला वाटलं फोटो वाईट आला म्हणून मी नाक मुरडतेय.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी भाऊ कारखान्यातल्या जुन्या मंडळींबरोबर तिरुपतीला गेला आणि केस देऊन आला. केसांबरोबर मिशीपण. मला कुणी सांगितलं नाही. सांगायचं सुचलं नसेल. भावानं मिशी काढली ही काय फोन करून बहिणीला कळवायची बातमी आहे, असंच कुणालाही वाटेल.

त्याच आठवड्यात मी बारामतीला डोळे तपासायला गेले होते. सगळे गाजर-गाजर करत होते म्हणून एकदाची गेले. दवाखाना मोठा, खाली बसायला खुर्च्यांच्या रांगा. मी दारातून आत आले तर समोरच्या रांगेत एक तुळतुळीत डोक्याचा म्हातारा बसला होता. तो माझ्याकडे बघून हसला. तोंड भरून हसला. मी नीट बघितलं. टोपी नाही, मिशी नाही, चालत नाही, बोलत नाही. परका पुरुष आपल्याकडे बघून हसतोय म्हटल्यावर बाईमाणूस जे करतं ते मी केलं. पदर सावरला, तोंड फिरवलं आणि पार पलीकडच्या रांगेत जाऊन बसले. मनात म्हटलंसुद्धा, या वयात काय हे चाळे.

तो माझा भाऊ होता.

त्यानं हाक मारली असती तर काही झालंच नसतं. एक शब्द बोलला असता तरी मी उठून गेले असते. पण मोठ्या भावानं आधी हाक मारायची नसते. धाकटीनं येऊन पाया पडायचं, मग त्यानं विचारायचं, कधी आलीस. ही पद्धत कुणी घातली देव जाणे. तो तसाच बसून राहिला, मी तशीच बसून राहिले, मग माझा नंबर लागला आणि मी आत गेले. बाहेर आले तेव्हा ती खुर्ची रिकामी होती, आणि मला बरं वाटलं.

भाऊबीजेला तो आला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. फोन केला तर उचलेना. वहिनीनं उचलला आणि दोन शब्द बोलून ठेवला. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा कळवायला फोन केला, तेव्हा कुठे वहिनी फुटली. म्हणाली, दवाखान्यात समोरासमोर गाठ पडली आणि तुम्ही ओळख दिली नाही. यांनी हसून बघितलं तर पदर ओढून लांब जाऊन बसलात. जमिनीवर सही दिलीत, पण मनातून नाही दिलीत, असं हे म्हणतात. मी म्हटलं, अगं, मी ओळखलंच नाही. मला चेहरे ओळखू येत नाहीत, जन्मापासून. मग वहिनी म्हणाली, "वन्सं, मग इतकी वर्सं कशी वळखत हुता?"

यावर काय बोलायचं? मिशीवरून, असं म्हणायचं? मी म्हटलं. तिनं फोन ठेवला.

त्यानंतरचे पंधरा दिवस माझ्या डोक्याचा नुसता भुगा झाला. नातेवाइकांत बातमी फुटली होती आणि फुटली ती मिशीची नव्हे, जमिनीची. बहीण हिस्सा परत मागतेय इथपासून बहिणीनं वकील बघितला इथपर्यंत. मी कुणाला काही सांगायला गेले की ते समजूतदारपणे मान हलवायचे आणि म्हणायचे, असू द्या बाई, घरोघरी हेच. मला किंचाळावंसं वाटायचं. आमचे हे म्हणाले, चुलतमामा आहे की, त्याला उभा करू. कारण आमच्याकडे नवरीला बोहल्यावर मामा आणतो आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तोच तिच्या पाठीशी उभा राहतो. माईकवरून पुकारतात, मुलीचे मामा कुठे आहेत. मुलगी मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, मामा नसेल तर मी पण नाही. ती चिडून बोलली असती तर मी तिला समजावलं असतं. ती साधं बोलली, म्हणून मला घाम फुटला.

बांगड्या भरायला आमच्या घरी चाचा येतात. इंदापूरच्या पेठेत त्यांचं दुकान आहे, पण लग्नघरी ते अजून स्वतः पेटी घेऊन येतात. त्यांनी माझा हात धरला, पंजा दाबून बघितला आणि मोजमाप न घेता बरोबर मापाच्या बांगड्या काढल्या. मी म्हटलं, चाचा, तुम्हाला एवढ्या बायका लक्षात कशा राहतात? ते म्हणाले, "तोंडं कोण बघतंय, बाई? आमी हात बघतो. रस्त्यात भेटलात तर मला तुमी कोण ते कळायचं न्हाय." मी त्यांच्याकडे बघतच राहिले. आणि या माणसाला इंदापुरात कुणी शिष्ट म्हणत नाही. त्यांना मी सगळं सांगितलं. पेटी बंद करताना ते एवढंच म्हणाले की हे फोनवर मिटायचं नाही, जाऊन समोर बसा.

म्हणून मी गेले. पत्रिका घेतली, अक्षता घेतल्या, भावाला आवडतात म्हणून बेसनाच्या लाडवांचा डबा घेतला आणि अर्ध्या तिकिटात बारामतीची एसटी पकडली. कारखाना सुरू होता. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे मागे गाडी निमगावपासून पुढे मुंगीच्या पावलानं निघाली. वाटेत मी काय बोलायचं ते पाठ करत होते. धडा पाठ करून घेणारी मी, स्वतःचंच वाक्य तीनदा विसरले. एवढं मात्र ठरवलं होतं की या खेपेला चूक करायची नाही. महिने लोटले होते. मिशी आता परत आली असणार.

भवानीनगरला उतरून वस्तीवर चालत गेले. अंगणात लिंबाखाली भावाची खुर्ची असते, लाकडी, हाताची, वडिलांच्या वेळची. त्यात तो बसला होता. पांढरी टोपी, पांढरा सदरा, पांढरी जाड मिशी. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. फाटकाजवळ नळावर कुणी तरी गडी हातपाय धूत होता, त्याच्या अंगावरून मी तशीच पुढे गेले, पिशवी खाली ठेवली आणि खुर्चीतल्या पायांवर डोकं टेकलं.

मान वर करून बोलले असते तर धीर सुटला असता, म्हणून खाली बघूनच बोलले. पाठ केलेलं सगळं विसरून तोंडाला येईल ते बोलले. "दादा, मी तुला बघितलं. बघितलं न्हाय असं म्हणत न्हाय. पर माझ्या डोक्यात चेहराच ऱ्हात न्हाय, कुणाचाच न्हाय. तू मिशी काढलीस आन् माझा भाऊच हरवला." मग शेत मला कधी नको होतं हे सांगितलं, पाहिजे तर आणखी चार ठिकाणी सही देते म्हटलं, पोरगी तुझ्याशिवाय बोहल्यावर चढत नाही हे सांगितलं. नाक ओढत ओढत बरंच बोलले. समोरचे पाय हळूहळू खुर्चीखाली आक्रसत चालले होते, ते मला दिसत होतं, पण त्याचा अर्थ लागत नव्हता.

शेवटी वरून एक अनोळखी आवाज आला. "ताई, उठा. मी तुमचा भाऊ न्हवं. तुमचा भाऊ त्यो नळावर हाय."

तो भावाचा कारखान्यातला जुना सोबती होता, शेजारच्या वस्तीवरचा. चहाला आला होता. घामाघूम झाला होता बिचारा.

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मागे कुणी तरी खोकलं. तो खोकला मी जगाच्या पाठीवर कुठेही ओळखेन. वळून बघितलं तर नळावरचा माणूस ओले हात तसेच धरून उभा. टोपी नाही, मिशी नाही. हजामत गुळगुळीत. दोन हातांवरून मी त्याला ओलांडून गेले होते, आणि माझ्या तोंडचा शब्द न् शब्द त्यानं ऐकला होता.

"आता सांग," भाऊ म्हणाला, "मी कोण?"

"दादा."

"कशावरनं?"

"खोकलास त्यावरनं."

"तोंडावरनं न्हाय?"

मी मान हलवली. त्याचा सोबती एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता, आणि संधी साधून चपला शोधत होता. भावानं त्याला हातानं बसवलं. दारात येऊन उभ्या राहिलेल्या वहिनीला चहा टाक म्हणाला. मग बराच वेळ हात पुसत राहिला. पुसता पुसता म्हणाला, कचेरीत तू फोटो बघून ही बाई कोण म्हणालीस, ते खरंच विचारत होतीस? मी म्हटलं, खरंच. तेव्हा तो लिंबाखाली माझ्या शेजारी बसला. इतक्या दिवसांच्या स्पष्टीकरणानं जे झालं नाही ते त्या एका गाढवपणानं झालं. मला याचाही थोडा राग आलाच.

मिशी का ठेवली नाहीस म्हटलं, तर म्हणाला की पांढरीफटक आली, आणि तुझ्या वहिनीला मी असाच बरा दिसतो. वहिनी आत निघून गेली. म्हणजे एकीच्या आवडीपायी दुसरीचा भाऊ गायब.

चहा आला. सोबती दोन घोटांत पिऊन पळाला. भाऊ कप हातात धरून बसून राहिला आणि मग त्यानं जे सांगितलं ते मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, वहिनीलाही माहीत नव्हतं. त्या दिवशी बारामतीला तो छातीत दुखतं म्हणून गेला होता. घरी कारखान्यातल्या कुणाला तरी दवाखान्यात बघायला जातो असं सांगून. ईसीजीच्या पट्ट्या काढून झाल्या होत्या, रिपोर्ट यायचा होता, आणि तो एकटा त्या खुर्चीवर बसला होता. आता गोळ्या चालू आहेत, घाबरण्यासारखं नाही. पण तेव्हा ते माहीत नव्हतं.

"मला वाटलं, आता काय आपण घरी जात न्हाय," तो म्हणाला. "तेवढ्यात दार उघडलं आन् आय आत आली. लोकं म्हणत्यात तू आयवानी दिसतीस, पर त्या दिशी तू आयच हुतीस, तायडे. तसंच कपाळ, तसाच पदर. म्या हसलो. आन् आयनं माझ्याकडं बघितलं आन् तोंड फिरवलं."

माझ्या हातात लाडवाचा डबा होता, तो मी उघडला आणि परत लावला. मला आईचा चेहरा आठवत नाही. कधीच आठवला नाही, ती जिवंत असतानाही. मला तिच्या टाचांच्या भेगा आठवतात, भाकरी थापताना बांगड्यांचा होणारा आवाज आठवतो, हाक मारायच्या आधी ती घसा साफ करायची ते आठवतं. भिंतीवरच्या फोटोतली आई मी चौकटीवरून ओळखते. आई गेल्यापासून माझ्या गालांना हात लावून तुझ्यात तीच दिसते म्हणणाऱ्या बायका मला भेटत आल्या. मी त्यांना हो म्हणायची. त्या काय बघतात हे मला माहीत नव्हतं. तो चेहरा घेऊन मी त्याच्या समोरून निघून गेले होते.

मी त्याला म्हटलं, हाक मारायची होतीस. तो म्हणाला, आईला कोण हाक मारून सांगतं, मी तुझा मुलगा आहे म्हणून.

लग्न इंदापुरातल्या कार्यालयात झालं. आमच्या ह्यांनी हौसेनं सगळ्या पुरुषांना एकाच गुलाबी रंगाचे फेटे बांधायला लावले. ही नवी टूम कुणी काढली त्याला माझ्यासमोर उभा करा. दारात स्वागताला मी उभी, आणि आत येतायत दोनशे गुलाबी फेटे. ज्यांच्या टोप्या मला पाठ होत्या त्यांच्याही टोप्या गेल्या. मी सगळ्यांकडे बघून एकसारखं हसत होते, गाल दुखायला लागले होते, आणि आमचे हे नेमके किल्ल्या घरी विसरून आले होते.

करकर आवाज मागून आला, डावा पाय किंचित ओढत. मी ओळखलं. पण वळायच्या आत तो जवळ येऊन, सगळ्यांसमोर, मोठा भाऊ असून आधी बोलला, "मी हाय." मी ओळखलं होतं हे मी त्याला सांगितलं नाही. बोलू दिलं.

मग तो तिथेच उभा राहिला. कुणी येऊन गालात हसून म्हणालं, बाई वळखलं का, की माझ्याआधी तोच म्हणायचा, "आदी नाव सांगा." दोन-तीन जण फुगून आत गेले. एका सरपंचानं तर आहेर परत खिशात घातला. भावाला त्याचं काही वाटलं नाही. वाटायचं मला, आणि मी ते या जन्मात फेडणार असं दिसतंय.

माईकवरून मामाला पुकारलं तेव्हा त्यानं माझ्या मुलीला हाताला धरून आणलं आणि तिच्या पाठीशी उभा राहिला. मी अंतरपाटाच्या या बाजूला, त्याच्या समोर. अक्षता पडत होत्या. नवरीच्या मामानं नवरीकडे बघायचं, तर तो माझ्याकडे बघत होता. डोळे भरले होते, पण तो रडत नव्हता, नुसता बघत होता, आणि बघणं माझ्याकडे नव्हतं हे मला कळलं. कुणी तरी माझा पदर ओढून काही विचारत होतं, उजवीकडून आमचे हे बोलावत होते. त्याला काय दिसत होतं ते मला कधी दिसणार नाही. मंगलाष्टकं संपेपर्यंत मी तोंड फिरवलं नाही.